छोटा शेतकरी आणि डिजिटल तंत्रज्ञान : एका रेल्वेवाल्याच्या नजरेतून

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



इथे बसलेल्यांपैकी निम्मे लोक ओएमआरवरच्या कंपन्यांत सॉफ्टवेअर लिहितात आणि उरलेल्यांपैकी बरेचसे माझ्यासारखे रेल्वेत आहेत. असं असताना संगणकाच्या विषयावर बोलायला समितीने एका डिप्लोमावाल्या सिग्नल इंजिनिअरला का उभं केलं, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडला. पण विचार करताना लक्षात आलं, की आपल्या पेरुंगुडीत कोडिंग करणारा असो की रुळावर काम करणारा, दहातल्या सहा-सात जणांचं घर गावाकडच्या दोन-तीन एकरांवर उभं राहिलेलं आहे. कुणाचे वडील, कुणाचा भाऊ, कुणाचे चुलते अजून ती जमीन कसतात. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच आहे.

आधी छोटा शेतकरी म्हणजे कोण ते सांगतो. सरकारी हिशेबात दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे साधारण पाच एकरांपर्यंत जमीन असलेला. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातली शंभरातली ८६ खाती अशीच आहेत आणि सरासरी खातं १.०८ हेक्टरचं. म्हणजे छोटा शेतकरी हा अपवाद नाही, तोच नियम आहे. मोठ्या बागायतदाराला कुठलंही तंत्रज्ञान परवडतं. खरी परीक्षा या ८६ जणांची.

माझं गाव सांगली जिल्ह्यातलं, ऊसपट्ट्यातलं. १९९८ साली मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो, तेव्हा आमच्या भागात एकाच गोष्टीची चर्चा होती, ती म्हणजे वारणेच्या 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्पाची. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेला वारणानगरचा सहकारी समूह, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र आणि केंद्र व राज्य सरकार यांनी मिळून कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतली सुमारे ७० गावं संगणकाने जोडायची ठरवली. गावोगावी केंद्रं झाली, त्यांत संगणक आले. शेतकऱ्याला पिकाचा सल्ला, बाजारभाव, जमिनीची कागदपत्रं, मुलांना शिक्षण, सगळं एका खिडकीत मिळणार होतं. त्या काळात घरी फोन असणं हीच मोठी गोष्ट होती. तेव्हा हे स्वप्न किती मोठं होतं याची कल्पना करा.

पुढे काय झालं? काही वर्षांनी अभ्यासकांनी पाहिलं तेव्हा मोठमोठ्या सोयींपैकी बहुतेक पडून होत्या. लोक येत होते ते मोजक्या कामांसाठी : माझ्या उसाचं वजन किती भरलं, तोडीचा परवाना कधीचा, खत किती उचललं. ऊसवाल्याला हे हसण्यासारखं वाटणार नाही. काट्यावर वजन किती धरलं आणि टोळी कधी येणार, यावर त्याचं वर्ष अवलंबून असतं. एरवी त्यासाठी चिटबॉयच्या मागे फिरावं लागे, नाहीतर कारखान्याला चक्कर मारावी लागे. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या मंडळींनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. केंद्रातल्या संगणकाचं काम साध्या मोबाइलवर आणलं. एसएमएस पाठवायचा, कारखान्याच्या संगणकाकडून उत्तर यायचं. खर्च कमी झाला आणि लोकांना ते जास्त सोयीचं वाटलं.

काहीजण म्हणतात वारणेचा प्रकल्प फसला. मला तसं वाटत नाही. त्यातलं जे शेतकऱ्याच्या रोजच्या प्रश्नाला भिडलं ते टिकलं, बाकीचं गळून पडलं. आणखी एक गोष्ट बघा. ऊस घेणारा कारखाना तिथे आधीपासून होता. संगणकाने फक्त त्याच्या वहीचं पान शेतकऱ्यासमोर उघडलं.

आता माझ्या धंद्यातलं थोडं सांगतो. सिग्नल माल वाहत नाही, गाडी ओढत नाही. पुढची वाट मोकळी आहे की नाही, एवढंच तो सांगतो. समजा समोर लाइन एकच आहे आणि तीवर गाडी उभी आहे. सिग्नलने तुम्हाला ते अगदी अचूक सांगितलं, तरी बाजूला लूप लाइन नसेल तर तुम्ही काय करणार? उभे राहणार. मोबाइल हा शेतकऱ्याचा सिग्नल आहे. त्याला वळायला लूप लाइन आहे का, हे आधी बघायला हवं.

याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. २००७ साली 'रॉयटर्स मार्केट लाइट' नावाची सेवा सुरू झाली. शेतकऱ्याच्या मोबाइलवर मराठीतून बाजारभाव, हवामान आणि पीकसल्ला यायचा. फाफशां आणि मिंटेन या दोन अर्थतज्ज्ञांनी महाराष्ट्रातल्या शंभर गावांत तिची तपासणी केली, निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. सेवा घेणाऱ्यांना मिळालेल्या भावात, न घेणाऱ्यांच्या तुलनेत, म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. संदेश वेळेवर येत होते, भाषा मराठी होती, तरीही!

याच्या अगदी उलट उदाहरण केरळचं. १९९७ ते २००१ या काळात उत्तर केरळच्या किनाऱ्यावर मोबाइलचे टॉवर आले. त्याआधी एखाद्या बंदरावर मासळी जास्त झाली म्हणून फेकून द्यायची वेळ यायची आणि पंधरा किलोमीटरवरच्या बंदरावर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जायचं. फोन आल्यावर कोळी समुद्रातूनच भाव विचारू लागले आणि जिथे मागणी तिथे होडी वळवू लागले. रॉबर्ट जेन्सन यांच्या २००७ च्या अभ्यासानुसार कोळ्यांचा नफा ८ टक्क्यांनी वाढला, मासळी गिऱ्हाइकाला ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली आणि नासाडी जवळजवळ थांबली.

फोन तोच, माहितीही तशीच. मग फरक कुठे पडला? कोळ्याकडे होडी स्वतःची होती आणि समुद्रात दहा वाटा होत्या. आपल्या टोमॅटोवाल्याने सकाळी फोनवर पाहिलं की पुण्यात भाव बरा आहे. पण टेम्पो गावातला एकच, तो नेहमीच्या मार्केटला जाणारा. दहा क्रेटसाठी वेगळी गाडी परवडत नाही. शिवाय अडत्याकडून बियाण्यासाठी उचल घेतलेली, म्हणजे माल त्याच्याच गाळ्यावर उतरवायचा. त्याला भाव कळला, पण वळायला जागा नव्हती.

मध्य प्रदेशात २००० सालापासून आयटीसी कंपनीने 'ई-चौपाल' सुरू केले. तिथे गावातल्या संगणकावर सोयाबीनचा भाव दिसायचा, आणि त्याच भावाने माल घेणारं, इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलणारं कंपनीचं खरेदी केंद्रही होतं. मंडीला एक पर्याय उभा राहिला. अपराजिता गोयल यांच्या अभ्यासात दिसलं, की अशा केंद्रांमुळे त्या भागातल्या मंड्यांमध्ये सोयाबीनचा भाव सरासरी १ ते ३ टक्क्यांनी वाढला. आकडा लहान वाटेल. पण जो शेतकरी चौपालवर गेलाच नाही, त्यालाही मंडीत तो भाव मिळाला. लूप लाइन झाली की मेन लाइनवरच्या गाड्यांचीही खोळंबा होण्यातून सुटका होते, तसं.

रेल्वेवाल्यांनी कॉलर ताठ करावी अशी एक लूप लाइन आपणही टाकली. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळाली ते दानापूर पहिली किसान रेल धावली. २८ डिसेंबर २०२० ला शंभरावी किसान रेल सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला रवाना झाली. फळं-भाज्यांना भाड्यात निम्मी सवलत होती. पण मला जास्त मोलाचा वाटतो तो दुसरा नियम : किमान वजनाची अट नव्हती. शंभराव्या गाडीच्या वेळी पंतप्रधानांनी भाषणात कुणा शेतकऱ्याने पाठवलेल्या तीन किलो डाळिंबांच्या पार्सलचा उल्लेख केला होता. आपल्याला वाघीण भरल्याशिवाय हलायची सवय. तिथे तीन किलोलाही जागा मिळाली! पुढच्या दोन-अडीच वर्षांत अशा दोन हजारांवर फेऱ्या झाल्या. सांगोल्याच्या माणसाला बंगालचा भाव मोबाइलवर दिसण्याला अर्थ आला, कारण दारात त्या दिशेची गाडी उभी होती.

आता दुसरा मुद्दा. त्यासाठी लांब जायला नको. आपल्या पेरुंगुडी स्टेशनवरून बीचच्या दिशेने गाडीत बसलात की पुढचं स्टेशन तरमणी. तिथेच एम. एस. स्वामिनाथन यांनी १९८८ साली स्थापन केलेलं संशोधन प्रतिष्ठान आहे. हरितक्रांतीचे स्वामिनाथन आपल्याला ठाऊक आहेत. २०२३ साली ते चेन्नईतच वारले आणि २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं. पण याच संस्थेने १९९८ मध्ये, म्हणजे वारणेच्याच वर्षी, पुदुच्चेरीच्या खेड्यांत 'माहिती-गाव' प्रकल्प सुरू केला होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल.

त्या मंडळींनी आधी गावकऱ्यांना विचारलं, तुम्हाला कोणती माहिती हवी? गावाने जागा द्यायची, चालवणारी माणसं गावाने निवडायची. त्यांत बायकांची संख्या मोठी होती. वीज बेभरवशाची, म्हणून सौर पॅनल बसवले. टेलिफोन नीट नाहीत, म्हणून वायरलेस रेडिओ वापरला. विल्लियनूर इथल्या मुख्य केंद्रात माहिती तमिळमध्ये तयार व्हायची आणि गावागावात जायची. वीरमपट्टिनम हे कोळ्यांचं गाव. तिथे रोज इंटरनेटवरून समुद्राच्या लाटांचा अंदाज उतरवून घ्यायचा आणि तो लाउडस्पीकरवरून किनाऱ्यावर ऐकवायचा. ज्याला अक्षर येत नाही, ज्याच्याकडे फोन नाही, त्यालाही तो ऐकू जायचा.

२६ डिसेंबर २००४ ची सकाळ चेन्नईकर विसरणार नाहीत. नल्लवाडू गावातला एक मुलगा सिंगापूरला कामाला होता. त्याने टीव्हीवर त्सुनामीची बातमी पाहिली आणि गावात फोन केला. गावच्या माहिती केंद्रातल्या लाउडस्पीकरवरून लगेच पुकारा झाला आणि लाट येण्याआधी गाव किनाऱ्यापासून दूर गेलं. घरं पडली, होड्या गेल्या, माणसं वाचली. तो फोन कुणी उचलला, लाउडस्पीकरची किल्ली कुणाकडे होती, आणि गावाने त्या आवाजावर विश्वास का ठेवला? कारण आधीपासून तोच आवाज त्यांना रोजच्या कामाची माहिती देत होता. नुसतं यंत्र बसवून हा विश्वास तयार होत नाही. आपल्याकडेही पॅनल कितीही आधुनिक असो, स्टेशनात स्टेशन मास्तर लागतोच.

तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो सांगण्यासाठीच मी इथे उभा आहे.

१८७२ मध्ये अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी ट्रॅक सर्किट तयार केलं. रुळांतून हलका विद्युतप्रवाह सोडायचा. तो पलीकडे पोचतोय तोवर रिले वर उचललेला राहतो. रुळावर गाडी आली, रूळ तुटला, वायर तुटली किंवा बॅटरी उतरली, काहीही झालं तरी प्रवाह थांबतो, रिले खाली पडतो आणि सिग्नल लाल होतो. यंत्र बिघडणार हे गृहीत धरूनच ते बांधलेलं आहे, आणि बिघडलं की ते सुरक्षित बाजूलाच पडतं. आम्ही याला 'फेल-सेफ' म्हणतो. शिवाय सिग्नल लाल राहिला म्हणून गाडी जन्मभर उभी राहत नाही. नियमपुस्तकात पुढचा मार्ग लिहिलेला आहे : स्टेशन मास्तर लेखी प्राधिकार देतो आणि गाडी जपून पुढे जाते. इलेक्ट्रॉनिक्सच्या मागे कागद उभा असतो.

आता शेतकऱ्याकडे या. आज महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो. तलाठ्याच्या दारात दोन-दोन दिवस घालवलेल्या माणसाला विचारा, ही केवढी मोठी सोय आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. माझ्या पिकाची नोंद मी करणार, ही कल्पना मला मनापासून आवडते. २०२५ पासून शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांकही लागतो. या सगळ्यात पारदर्शकता आहे, यात शंका नाही.

पण या साखळीतली एक कडी तुटली तर काय होतं? रेंज नाही, सर्व्हर बसला, अंगठ्याच्या रेषा झिजल्या म्हणून मशीन ओळखत नाही, आधारवर नावात एक काना जास्त आहे. तुटलेल्या वायरची किंमत कोण मोजतं? आपल्या रुळावर तुटलेली वायर गाडीला थांबवते आणि माणसाला वाचवते. इथे मात्र नोंद झाली नाही म्हणून विमा अडतो, हमीभावाची खरेदी अडते, नुकसानभरपाई अडते. बिघाड यंत्राचा आणि लाल दिवा शेतकऱ्याच्या वाट्याला! पीक पाहणीच्या मुदती वाढवाव्या लागल्या, शेतकऱ्याची मुदत संपल्यावर राहिलेल्या नोंदी तलाठ्यामार्फत करण्याची सोय ठेवावी लागली, ती यामुळेच. ही सोय म्हणजे आमचा लेखी प्राधिकार. ती उपकार म्हणून ठेवायची नसते, ती पहिल्या दिवसापासून नकाशात असायला हवी.

आपल्यातल्याच एका सहकाऱ्याची गोष्ट सांगतो. त्याचे वडील सत्तरीचे. एका नोंदणीसाठी तालुक्याच्या गावी सेवा केंद्रात रांगेत उभे राहिले. नंबर आला, बोट लावलं, आणि ओटीपी गेला तो इथे चेन्नईत मुलाच्या फोनवर, कारण खात्याला नंबर मुलाचा. मुलगा त्या वेळी रिले रूममध्ये, तिथे रेंज नाही. दहा मिनिटांत ओटीपीची मुदत संपली, मागचा माणूस पुढे सरकला, आणि म्हातारा माणूस एसटीने परत गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कुणाचाही वाईट हेतू नव्हता. मुलाने काळजीपोटीच आपला नंबर दिला होता, केंद्रवाला नियमानेच वागला. पण ही व्यवस्था आखताना सत्तर वर्षांचा शेतकरी आणि हजार किलोमीटरवरचा मुलगा कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हता.

आता तुम्ही विचाराल, आम्ही इथे बसून काय करायचं? मोठी भाषणं नकोत, चार साधी कामं सांगतो.

पहिलं, दिवाळीला गावी जाल तेव्हा सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन उतरवून घ्या आणि वडिलांसोबत बसून वाचा. नाव, गट नंबर, क्षेत्र, इतर हक्कातला जुना बोजा, सगळं तपासा. चूक असेल तर संकट येण्याआधी अर्ज द्या. संकटाच्या वेळी दुरुस्ती होत नाही.

दुसरं, आधार, बँक आणि योजनांना कुणाचा मोबाइल नंबर जोडला आहे ते बघा. शक्यतो जो माणूस बांधावर आहे त्याचा असू द्या. साधा फोन असला तरी ओटीपी येतो. आणि ओटीपी कुणाला सांगायचा, कुणाला नाही, हे त्यांना नीट समजावून सांगा. फसवणारे फोन गावातही पोचलेले आहेत.

तिसरं, पीक पाहणी वडिलांच्या किंवा भावाच्या हातून करवून घ्या. आपण फोन हिसकावून दोन मिनिटांत करून टाकतो आणि पुढच्या हंगामात ते पुन्हा आपल्या फोनची वाट बघत बसतात. गावात एखादी बारावी झालेली मुलगी, बचत गटातली एखादी ताई ही कामं जाणत असेल तर तिच्याशी ओळख करून द्या. तीच तुमच्या गावची स्टेशन मास्तर. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबरही घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. २००४ पासून तो चालू आहे, फुकट आहे आणि मराठीत उत्तर मिळतं.

चौथं काम सॉफ्टवेअरवाल्या मित्रांसाठी. उद्या तुमच्यापैकी कुणाच्या टेबलावर बँकेचं, विम्याचं किंवा शेतीचं एखादं काम येईल. तेव्हा स्क्रीन किती सुंदर दिसते हे बघाच, पण एक प्रश्न आमच्या सिग्नल खात्याकडून उसना घ्या : 'हे बिघडलं तर कोणत्या बाजूला पडेल?' नोंद अपलोड झाली नाही तर तारीख-वेळेसह फोनमध्ये राहील का? अंगठा जुळला नाही तर दुसरा मार्ग आहे का? नकार आला तर कारण मराठीत, तमिळमध्ये कळेल का, आणि ते दुरुस्त करणारा माणूस कुठे बसतो हे लिहिलं आहे का? हे प्रश्न मीटिंगमध्ये विचारायला पदवी लागत नाही, डिप्लोमाही पुरतो!

शेतकऱ्याला तंत्रज्ञान नको आहे असं मला कधी दिसलं नाही. आमच्या भागात ठिबक आलं ते लोकांनी उचललं, वजनाचा एसएमएस आला तोही उचलला. जे कामाचं आहे ते तो फुकट शिकवणीशिवाय शिकतो. त्याला हवी आहे वळायला एक लाइन, विचारायला एक ओळखीचा माणूस, आणि यंत्र चुकलं तर त्याचा दंड आपल्या डोक्यावर बसणार नाही एवढी हमी. हे तीन दिले, तर दोन एकरांचा माणूसही या डिजिटल गाडीत हक्काने बसेल.

आरतीची वेळ झाली आहे, प्रसादाचा वास इथपर्यंत येतो आहे, तेव्हा इथेच लाल सिग्नल दाखवतो.

गणपती बाप्पा मोरया!